घानाचे राष्ट्रप्रमुख लक्षात ठेवायची चिठ्ठ्यांची पद्धत

आम्ही घानातल्या तेमा शहरात राहायचो तेव्हा मुलगी पाचवीत होती. शाळेत तिला प्रश्न आला, 'स्वातंत्र्यानंतरचे घानाचे राष्ट्रप्रमुख क्रमाने लिहा.' आदल्या रात्री तयारी मीच करून घेतली होती. पेपर परत आला तेव्हा बुसियांच्या नावावर लाल रेघ आणि रॉलिंग्जच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. तिने रॉलिंग्ज एकदाच लिहिला होता. 'आई, तूच सांगितलंस' एवढं म्हणून ती दप्तर टाकून खेळायला पळाली. मी मात्र तो कागद घेऊन बसले. बाईंचं बरोबर होतं, माझंच चुकलं होतं.

त्यानंतर जी पद्धत जमवली ती पुढे आमच्या इमारतीतल्या तीन-चार मुलांना शिकवली. नवीन बदलून येणाऱ्या मंडळींनाही सांगत असे, कारण तिकडे कामावर जेवणाच्या सुट्टीत राजकारण निघालं की पाहुण्याने मख्खपणे बसून राहणं बरं दिसत नाही. पद्धत सोपी आहे. कोण आलं ते पाठ करू नका, कोण कसं गेलं ते लक्षात ठेवा. आलेला माणूस त्याच दारातून आत येत असतो.

सोळा चिठ्ठ्या कापा. वापरलेले लिफाफे चालतील, आम्ही तेच कापले होते. शिवाय पाच रंगांचे खडू घ्या: लाल, हिरवा, निळा, पिवळा, काळा. पण लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करायची, ती म्हणजे आपण नेमकं कोणाला मोजतोय. माझी चूक इथेच झाली होती. राष्ट्रप्रमुख वेगळा आणि सरकारचा प्रमुख वेगळा असू शकतो, आणि घानात दोनदा तसं होतं. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा क्वामे एन्क्रुमा पंतप्रधान होते आणि राष्ट्रप्रमुख होती इंग्लंडची राणी एलिझाबेथ. तिच्या वतीने गव्हर्नर जनरल बसायचे, आधी आर्डेन-क्लार्क आणि मग लिस्टोवेल. १ जुलै १९६० ला प्रजासत्ताक झालं आणि एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यामुळे 'पहिले राष्ट्रप्रमुख एन्क्रुमा' असं लिहिलं तर काटेकोर मास्तर अर्धा गुण कापू शकतो, आणि 'पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा' लिहिलं तर कोणी हात लावणार नाही.

दुसरी वेळ १९६९ ते १९७२ ची. तेव्हा कारभार पंतप्रधान कोफी बुसियांच्या हातात होता आणि ऑगस्ट १९७० पासून राष्ट्राध्यक्ष होते एडवर्ड अकुफो-आडो, नावापुरते. सगळ्या गोष्टी बुसियांच्या सांगितल्या जातात, कारण निर्णय त्यांचे असायचे. यादीत मात्र जागा अकुफो-आडोंना. बुसियांच्या नावावरची लाल रेघ ती हीच.

आता चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर नाव, मध्ये आल्याची तारीख, खाली गेल्याची तारीख, आणि कोपऱ्यात जाण्याचा रंग. लष्कराने हाकललं तर लाल. सत्ता स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिली तर हिरवा. मुदत संपून किंवा निवडणूक हरून गेला तर निळा. राजीनामा पिवळा, मृत्यू काळा. राणीची चिठ्ठी बिनरंगाची.

एन्क्रुमा लाल. तारीख २४ फेब्रुवारी १९६६. ते हनोईला निघाले होते, वाटेत पेकिंगला पोचले आणि मागे राजधानी अक्रात कर्नल कोटोका, मेजर आफ्रिफा आणि पोलिसांनी मिळून सत्ता घेतली. ही तारीख डोक्यात बसवायची तर अक्रातल्या हाय स्ट्रीटवरच्या त्यांच्या समाधीच्या आवारात एक चक्कर मारावी. पूर्वीच्या पोलो मैदानावर, जिथे उभं राहून त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तिथेच ही समाधी आहे. आवारात मागच्या बाजूला त्यांचा जुना ब्राँझचा पुतळा आहे, डोकं नसलेला. बंडाच्या वेळी जमावाने तोडला. तुटलेलं डोकं शेजारीच वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलंय. मुलगी त्या डोक्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग खांद्याशी जिथून तुटलंय तिथला खडबडीत कडा बोट लांबून दाखवत म्हणाली, 'हे जोडत का नाहीत?' उत्तर सुचलं नाही. पण १९६६ ती पुन्हा कधी विसरली नाही.

पुढची चिठ्ठी लेफ्टनंट जनरल जोसेफ अंक्रा यांची, पिवळी. एन्क्रुमांनंतर 'एनएलसी' म्हणजे राष्ट्रीय मुक्ती परिषद आली, तिचे ते अध्यक्ष. राजकीय कामासाठी खासगी कंपन्यांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण निघालं आणि एप्रिल १९६९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सबंध यादीत राजीनामा देऊन गेलेला हा एकच, म्हणून पिवळा खडू एकदाच लागतो. त्यांच्या जागी आले अक्वासी आफ्रिफा, वय अवघं ३२. त्यांनी निवडणूक घेतली आणि ऑगस्ट १९७० मध्ये ते बाजूला झाले, म्हणून हिरवा. मग ७ ते ३१ ऑगस्ट असे काही दिवस सभापती नी आमा ओलेनू हंगामी राष्ट्राध्यक्ष. त्यांची चिठ्ठी निम्म्या आकाराची कापा, तेही हिरवे. शाळेच्या यादीत ते बहुधा नसतात, पण भांडायला उपयोगी पडतात.

मग एडवर्ड अकुफो-आडो. लाल, १३ जानेवारी १९७२. डिसेंबर १९७१ मध्ये बुसियांच्या सरकारने सेडीची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत एकदम खाली आणली होती. बुसिया उपचारासाठी लंडनला गेलेले असताना कर्नल इग्नेशियस अचिआम्पाँग यांनी सत्ता घेतली. इथे एक जोडी लक्षात ठेवा: एन्क्रुमा परदेशात असताना पडले आणि बुसियाही परदेशात असताना पडले. आमच्याकडचा एक म्हातारा ड्रायव्हर म्हणायचा, 'मॅडम, त्या काळात विमानात बसणाऱ्या पुढाऱ्याला परतीचं तिकीट काढावंच लागायचं नाही.'

अचिआम्पाँगची चिठ्ठी लवकर बसावी म्हणून मागे तीन शब्द लिहा. 'येंतुआ', म्हणजे आम्ही फेडणार नाही, हे परदेशी कर्जांबद्दल. 'कलाबुले', काळ्या बाजाराचा नफा, जो त्यांच्या काळात सगळीकडे बोकाळला. आणि 'निफा', म्हणजे उजवीकडे. ४ ऑगस्ट १९७४ ला घानाने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. वर सांगितलेला ड्रायव्हर त्या वेळी ट्रोट्रोवर, म्हणजे तिकडच्या प्रवासी मिनीबसवर, मेट होता, म्हणजे दारात लोंबकळून गिऱ्हाइकं बोलावणारा पोऱ्या. त्या दिवसापर्यंत तो फुटपाथच्या बाजूच्या दारात उभा असायचा, आणि त्या सकाळी तेच दार रस्त्याच्या मध्यावर उघडायला लागलं. 'मी दोन दिवस उतरलोच नाही,' म्हणायचा, आणि उजवा हात हलवून 'निफा, निफा' करून दाखवायचा. मुलं हसून लोळायची. अचिआम्पाँगचं नाव त्यांना त्या हातामुळे आठवतं.

अचिआम्पाँगच्या लष्करी परिषदेचं नाव आधी 'एनआरसी' म्हणजे राष्ट्रीय उद्धार परिषद होतं, १९७५ पासून 'एसएमसी' म्हणजे सर्वोच्च लष्करी परिषद. नाव बदललं तरी माणूस तोच, त्यामुळे चिठ्ठी एकच. ५ जुलै १९७८ ला त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना बसवलं घरी आणि फ्रेड अकुफो पुढे आले. हे राजवाड्यातल्या राजवाड्यात झालं, रस्त्यावर रणगाडे वगैरे नाहीत, तरी मी लालच केलं. अकुफोंनी १९७९ मध्ये जुन्या नोटा मागे घेऊन नव्या दिल्या, लोक रांगेत उभे राहिले. आणि मग आला जून.

इथे थांबा. या एका वर्षाला बाकी सगळ्या चिठ्ठ्यांइतका वेळ द्या, कारण चुका इथेच होतात. १५ मे १९७९ ला फ्लाइट लेफ्टनंट जेरी जॉन रॉलिंग्ज यांचं बंड फसलं. ते पकडले गेले, लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. ४ जूनला सैनिकांनी त्यांना तुरुंगातून सोडवलं आणि त्याच दिवशी सरकार पडलं. वयाची बत्तीस वर्षं पूर्ण व्हायला १८ दिवस बाकी होते. १६ जूनला अचिआम्पाँग यांना एका जनरलसोबत गोळ्या घातल्या. २६ जूनला आणखी सहा अधिकाऱ्यांना, त्यांत अकुफो आणि आफ्रिफा. जागा टेशीची, अक्राहून तेमाकडे समुद्राकाठचा जुना रस्ता जातो त्यावर. म्हणजे दहा दिवसांत तीन माजी राष्ट्रप्रमुख. आफ्रिफांनी सत्ता स्वतः सोडली होती, त्याला जवळजवळ नऊ वर्षं झाली होती. त्यांचा कोपरा हिरवा आहे आणि तरी त्यांचं असं झालं. मुलांना हे सांगायचं की नाही याचा मी विचार करत बसले होते. सांगितलं, कारण न सांगता ही यादी नुसती आडनावांची रांग होते. त्या तीन चिठ्ठ्यांच्या पाठीवर आम्ही पेन्सिलीने बारीक फुली केली. पुढे डिसेंबर २००१ मध्ये त्यांचे अवशेष कुटुंबांना मिळाले आणि रीतसर दफन झालं.

रॉलिंग्ज ११२ दिवस राहिले. दरम्यान निवडणूक झाली आणि २४ सप्टेंबर १९७९ ला त्यांनी सत्ता हिला लिमान यांच्या हाती दिली. म्हणून रॉलिंग्जची पहिली चिठ्ठी हिरवी. लिमान तिसऱ्या प्रजासत्ताकाचे एकुलते राष्ट्राध्यक्ष. ३१ डिसेंबर १९८१ ला ज्यांनी सत्ता दिली होती त्यांनीच ती परत घेतली. लिमान लाल. रॉलिंग्जची दुसरी चिठ्ठी, १९८१ ते २००१. मुलीच्या पेपरातलं प्रश्नचिन्ह याच दुसऱ्या चिठ्ठीसाठी होतं.

या दुसऱ्या चिठ्ठीत दोन राजवटी आहेत. १९९३ पर्यंत लष्करी, 'पीएनडीसी' नावाची, आणि नंतर निवडून आलेली. माणूस न बदलता गणवेश बदलला, एवढंच. १९८३ सालासाठी मागे 'रॉलिंग्ज नेकलेस' लिहा. त्या वर्षी दुष्काळ, वणवे आणि वर नायजेरियाने हाकललेले दहा लाखांच्या आसपास लोक परत आलेले. खायला नव्हतं. माणसं इतकी वाळली की गळ्याखालची हाडं हारासारखी दिसायला लागली, त्या हाराला लोकांनी राष्ट्रप्रमुखाचं नाव दिलं. आमच्या बाजारातल्या टोमॅटोवाल्या बाईंनी स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरवून मला हे दाखवलं होतं. वर्षही त्यांनीच सांगितलं, आणि मग शांतपणे टोमॅटो मोजत राहिल्या.

सगळ्या चिठ्ठ्या इथवर जमिनीवर मांडून पाहा. लाल कोपरे बरोबर पाच: २४ फेब्रुवारी, १३ जानेवारी, ५ जुलै, ४ जून, ३१ डिसेंबर. या पाच तारखा वर्षांसकट आल्या की अर्धी यादी आली. प्रजासत्ताकं वेगळी पाठ करायची गरज नाही, ती या लाल तारखांच्या मध्ये बसतात: पहिलं १९६०, दुसरं १९६९, तिसरं १९७९, चौथं १९९३. चौथ्यानंतर लाल खडू डबीत ठेवून दिला तरी चालतो.

पुढचं सोपं आहे, इतकं सोपं की मुलं कंटाळतात. राज्यघटनेप्रमाणे चार वर्षांची मुदत, जास्तीत जास्त दोनदा, निवडणूक डिसेंबरात आणि शपथ ७ जानेवारीला. आणि सगळे जॉन! जेरी जॉन रॉलिंग्ज, जॉन कुफुओर, जॉन अटा मिल्स, जॉन महामा. चौथ्या प्रजासत्ताकाचे पहिले चार. २००१ मध्ये रॉलिंग्ज मुदत संपून गेले, निळे, आणि विरोधी पक्षाचे कुफुओर आले. कुफुओर २००९ मध्ये मुदत संपून गेले, निळे. त्यांची आठवण पैशाच्या पाकिटात आहे, २००७ मध्ये दहा हजार जुन्या सेडींचा एक नवा सेडी झाला. आम्ही गेलो तेव्हाही बाजारातल्या म्हाताऱ्या बायका जुन्या हिशेबात 'दहा हजार' म्हणायच्या आणि मी घाबरून पिशवी खाली ठेवायची.

अटा मिल्स २००८ ची निवडणूक फेरमतदानात अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. ताइन नावाच्या एका मतदारसंघात मतदान व्हायचं राहिलं होतं, सगळा देश त्यासाठी थांबला. काळा कोपरा एकट्या त्यांचा. २४ जुलै २०१२ ला ते पदावर असताना वारले. त्या दुपारी मी दुकानात होते. रेडिओवरचं गाणं मध्येच थांबलं, गल्ल्यावरच्या मुलीने हातातली नाणी तशीच खाली ठेवली आणि कोणी काही बोलेना. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर लाल-काळी कापडं दिसायला लागली, तिकडे दुखवट्याचे तेच रंग. त्याच दिवशी उपाध्यक्ष जॉन महामांनी शपथ घेतली. गडबड नाही, गोळीबार नाही. ड्रायव्हर गाडीचा रेडिओ चालू ठेवून फाटकाशी उभा होता, त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'झालं पण?'

महामांची पहिली चिठ्ठी २०१२ ते २०१७, निवडणूक हरून गेले, निळी. नाना अकुफो-आडो २०१७ ते २०२५, मुदत संपून, निळी. नाना म्हणजे एडवर्ड यांचे चिरंजीव. आता गोंधळाची जागा: अकुफो-आडो दोन, बाप आणि मुलगा, आणि फ्रेड अकुफो तिसरे, ज्यांचा या घराशी संबंध जोडू नये. मी मुलांना सांगायचे, जोडनाव दिसलं तर राष्ट्राध्यक्ष, एकेरी दिसलं तर जनरल.

आणखी दोन सापळे आहेत. विमानतळावर उतरल्या उतरल्या माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, 'हे कोटोका कितवे राष्ट्राध्यक्ष?' एकही नाही. १९६६ च्या बंडात पुढे होते, पण एप्रिल १९६७ मध्ये एका फसलेल्या उलट-बंडात मारले गेले, जिथे विमानतळ आहे तिथेच, म्हणून आमच्या काळी त्याला त्यांचं नाव होतं. दुसरा सापळा खिशातला. एक, पाच, दहा, वीस आणि पन्नासच्या नोटेवर सहा पुरुषांचे चेहरे असतात, 'बिग सिक्स', १९४८ मध्ये इंग्रजांनी पकडलेले स्वातंत्र्य चळवळीतले नेते. त्यांतले दोघेच राष्ट्रप्रमुख झाले, एन्क्रुमा आणि एडवर्ड अकुफो-आडो. दान्क्वा आणि ओबेत्सेबी-लॅम्प्टी यांच्या नावाचे मोठे चौक अक्रात आहेत, म्हणून लोक त्यांनाही यादीत ढकलतात. 'सर्क, सर्क, सर्क' असा मेट ओरडतो तो मात्र खरोखर राष्ट्राध्यक्षाचा चौक, क्वामे एन्क्रुमा सर्कल.

मुलांची तयारी घेताना मी नोटा पालथ्या करून विचारायचे. पन्नासच्या मागे ओसूचा किल्ला, इथून मिल्सपर्यंत कारभार चालला. मग महामा नव्या इमारतीत गेले, जी कुफुओरांच्या काळात भारताच्या कर्जातून बांधली गेली होती. आम्ही होतो तोवर तिला फ्लॅगस्टाफ हाउस म्हणायची सवय लागली होती, २०१८ मध्ये अकुफो-आडोंनी नाव पुन्हा ज्युबिली हाउस केलं. पक्ष बदलला की पाटी बदलायची, त्यामुळे कोण काय म्हणतंय त्यावरून त्याचं मत कोणाला ते साधारण कळायचं.

परीक्षा अशी घ्या. चिठ्ठ्या नावं झाकून, नुसता रंगीत कोपरा दिसेल अशा ओळीत लावा आणि सांगायला लावा. बिनरंगी, लाल, पिवळा, हिरवा, अर्धा हिरवा, लाल, लाल, लाल, हिरवा, लाल, निळा, निळा, काळा, निळा, निळा. एवढ्यावरून नावं आली की झालं. उलट्या क्रमानेही घ्या. आमच्या मुलीचं रंगांचं गाणंच झालं होतं, अंघोळ करताना म्हणायची.

ती आता मोठी झाली, चिठ्ठ्या माझ्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. ७ जानेवारी २०२५ ला तिचा निरोप आला, 'आई, महामा परत. सोळावी चिठ्ठी काढ.' तोवर डब्यात पंधराच होत्या, म्हणून लिफाफा कापला, नाव लिहिलं, आल्याची तारीख लिहिली. कोपरा कोरा आहे. जाण्याच्या ओळीवर पेन्सिलीने ७ जानेवारी २०२९ लिहून ठेवलंय.